पात्याच्या रेषेत उभं राहायचं नाही

आमच्या पातुरात लाकूड चिरायच्या गिरणीला आरामशीन म्हणतात. ‘आरा’ आणि ‘मशीन’ हे दोन शब्द कोणीतरी व्याकरणाला न विचारता एकमेकांना चिकटवून दिले. पाटीवर लिहिलं की वाचणाऱ्याचा डोळा आधी ‘आराम’पाशी थांबतो. मी अक्षरं जुळवून वाचायला शिकलो तेव्हा बाबांना विचारलं होतं, तुमच्या कामाच्या जागेला असं नाव काहून? बाबा तिथले इंजिनमिस्त्री. तेलानं भरलेले हात भुशात चोळत ते म्हणाले, “मालकाले इचार. आराम त्याच्याच वाट्याले आहे.”

हे पुस्तक अशा मशीनवर उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसांच्या आठवणींचं आहे. इंजिनवाले, पातं लावणारे, ट्रॉली ढकलणारे, बंडीवाले, ट्रकवरचे क्लीनर आणि एक हिशेबनीस. कोणी पातूरचा, कोणी बाळापूरचा, कोणी परतवाड्याचा. मी त्यांच्यातला अर्धामुर्धा. शाळेत असताना तीन उन्हाळे मी तिथं हाताखाली होतो, मग अकोल्याला शिकायला गेलो आणि मास्तर झालो. ज्याला काम पुरतं येत नाही पण त्यातली बोली कळते, असा माणूस प्रस्तावनेला बरा, असा संपादकांनी विचार केला असावा.

जंगलकामाची जुनी अवजड यंत्रं म्हटली की वाचकाच्या डोळ्यांपुढे बहुधा दुसरंच काही येईल. कॅलिफोर्नियातल्या युरेका गावी जॉन डॉल्बीअरनं १८८१ च्या सुमारास वाफेवरचं एक ओढयंत्र काढलं. बॉयलर, एक रहाट आणि त्यावर गुंडाळलेला दोर. दोराचं टोक डोंगरातल्या ओंडक्याला बांधायचं आणि वाफ सोडायची. लोकांनी त्याचं नाव ठेवलं वाफेचं गाढव. त्याच दिवसांत एफ्रेम शे नावाच्या लाकूडवाल्यानं कच्च्या, वाकड्या, चढाच्या रुळांवरून ओंडके आणणारं दातेरी चाकांचं रेल्वे इंजिन केलं. १९०१ मध्ये मेन राज्यातल्या ॲल्विन लोम्बार्डनं बर्फावरून लाकडांनी भरलेल्या घसरगाड्यांची माळ ओढणारं, मागच्या चाकांऐवजी पोलादी पट्ट्यावर चालणारं यंत्र उभं केलं. आपल्याकडे अंदमानात चॅथम बेटावर १८८३ मध्ये सरकारी आरागिरणी निघाली. कोचीन संस्थानानं परांबिकुलमचा साग खाली आणायला जंगलात ट्रामगाडी घातली, ती १९०७ पासून १९६३ पर्यंत चालली.

वऱ्हाडात यातलं काही झालं नाही. इथं यंत्र जंगलात गेलंच नाही. ते गावाच्या कडेला टिनाच्या छपराखाली ठाण मांडून बसलं आणि जंगल त्याच्याकडे आलं, बैलांच्या मागून. हा फरक मला या पुस्तकात सगळ्यात मोठा वाटतो. जंगल जिंकल्याच्या गोष्टी इथं सापडणार नाहीत. ओट्यावर बसलेल्या बाईला आज कोणाचं लाकूड चिरलं जातंय ते नुसत्या आवाजावरून कळायचं, अशा गोष्टी सापडतील.

पातूर अकोल्याच्या दक्षिणेला, वाशीमच्या रस्त्यावर. एका अंगाला पूर्णेच्या खोऱ्यातली काळी कपाशीची जमीन, दुसऱ्या अंगाला वर पठारावर नेणारा घाट, आणि मधल्या उतारावर जंगल. गावालगतच्या टेकडीत कोरलेली लेणी आहेत, वर रेणुकामाता आहे, खाली शेख बाबूंचा दर्गा आहे. आलेगावकडचं जंगल मेळघाटासारखं उंच नाही. साग आहे, पण मांडीएवढा जाड झाला तरी लोक त्याच्याकडे कौतुकानं पाहायचे. बाकी धावडा, सालई, तिवस, मोह, तेंदू. खरा मोठा साग चिखलदऱ्या-धारणीकडचा. तो परतवाड्याच्या डेपोत उतरायचा, लिलावात जायचा. आमच्या मशीनवर जास्त काम असायचं शेतातल्या झाडांचं: बांधावरची बाभूळ, अंगणातला निंब, वठलेला आंबा, चिंच. ‘जंगलचं लाकूड’ आणि ‘मालकीचं लाकूड’ हे शब्द मी पाढ्यांच्या आधी शिकलो, कारण पहिल्याला कागद फार लागायचे.

आणि ज्या लाकडाचं जे काम, त्यात तडजोड नसायची. बंडीच्या चाकाला बाभूळ, कारण ती दगडावर आपटली तरी फुटत नाही. आखाला तिवस किंवा धावडा. दाराच्या चौकटीला साग असला तर साग, नाहीतर निंब, त्याला वाळवी सहज लागत नाही. आंबा पेटीला आणि मयताच्या सरणाला. चिंचेचा ओंडका आला की पातं लावणारे चाचा तोंड वाकडं करायचे. आडव्यातिडव्या रेघांचं, दगडासारखं लाकूड, दात बोथट करणारं. “हे खाटकाले द्या,” म्हणायचे. खाटकाचा ठोकळा चिंचेचाच असतो.

ओंडके यायचे कसे, यावर पुस्तकात बंडीवाल्याचं एक अख्खं प्रकरण आहे आणि ते मला सगळ्यात आवडलं. लांब ओंडका असेल तर बंडीचा वरचा सांगाडा काढून टाकायचा. नुसता आख आणि दोन चाकं ओंडक्याच्या मधोमध उभी करायची, साखळीनं ओंडका आखाखाली लटकवायचा आणि मागचं टोक जमिनीवर घासत न्यायचं. घाटातून उतरताना हे घासणारं टोकच ब्रेक. बैल थकला की बंडीवाला उतरून मागच्या टोकावर उभा राहायचा, म्हणजे मानेवरचा भार हलका व्हायचा. गडचिरोलीकडे हे काम हत्तींनी केलं. कमलापूरच्या हत्तीकॅम्पातल्या हत्तींचा पिढीजात धंदा ओंडके ओढण्याचाच. आमच्याकडे हत्ती कुठला, दोन खिल्लारी नाहीतर गावरान बैल आणि एक शिव्या देणारा माणूस.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानं मोडीत काढलेले ट्रक लिलावात निघाले. त्यांना सगळा महाराष्ट्र ‘डिस्पोजल’ म्हणायचा. शेवरोले, फोर्ड, डॉज. बोनेट पुढे काढलेले, जाड्या टायरांचे. परतवाड्याच्या रस्त्यावर हे ट्रक पुढे कितीतरी वर्षं लाकूड वाहत होते, १९५४ पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज निघायला लागले तरीही. क्लीनरकाका सांगतात की त्यांच्या डिस्पोजल ट्रकला दार नव्हतं, दाराच्या जागी दोरी होती, आणि घाटात ड्रायव्हर एक पाय बाहेर काढून बसायचा. उडी मारायला सोपं जावं म्हणून. क्लीनरनं उडी मारायची नव्हती. त्यानं ठोकळा घेऊन मागच्या चाकाखाली टाकायला धावायचं होतं.

आता इंजिन. इथं मी थोडा रेंगाळणार आहे, कारण ते आमच्या घरातलं सहावं माणूस होतं.

ते अकोल्याच्या एका जिनिंग कारखान्याच्या मोडीतून आलेलं होतं. वऱ्हाडातल्या बहुतेक जुन्या यंत्रांची मुळं कापसात निघतात. १८६७ पर्यंत रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली, पाठोपाठ गावोगावी जिन आणि प्रेस उभे राहिले, त्यांच्याबरोबर विलायती बॉयलर आणि इंजिनं आली. कारखाने बंद पडले किंवा विजेवर गेले की ती इंजिनं उतरंडीला लागायची: जिनातून तेलघाण्यात, तेलघाण्यातून पिठाच्या गिरणीत, नाहीतर आरामशीनवर. आमचं इंजिन रस्टन अँड हॉर्न्स्बीचं, आडवं, एक सिलिंडर, आणि माणसाच्या छातीला लागेल एवढं फ्लायव्हील. पाटीवर ‘लिंकन’ असं होतं. शाळेत गुरुजींनी लिंकनचा धडा घेतला तेव्हा मी उठून सांगितलं की त्यांनी बनवलेलं इंजन आमच्या बाबांकडे आहे. वर्गात आठवडाभर माझा भाव वधारला. मग बाबांनीच फुगा फोडला. लिंकन हे इंग्लंडातल्या गावाचं नाव आहे एवढं त्यांना ठाऊक होतं.

लिंकनची रस्टन आणि ग्रँथमची हॉर्न्स्बी या दोन कंपन्या १९१८ मध्ये एक झाल्या. त्यातल्या हॉर्न्स्बीनं विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात साखळीपट्ट्यावर चालणारा ट्रॅक्टर करून दाखवला होता. इंग्लंडात त्याला फारसं गिऱ्हाईक मिळालं नाही, हक्क अमेरिकेच्या होल्ट कंपनीकडे गेले, आणि होल्ट दुसऱ्या एका कंपनीशी एक होऊन १९२५ मध्ये कॅटरपिलर निघाली. म्हणजे जगातल्या जंगलांत घुसलेल्या यंत्रांचं आणि आमच्या टिनाखालच्या म्हाताऱ्याचं लांबचं नातं आहे. बाबांना हे मी अलीकडे सांगितलं. ते म्हणाले, “नातेवाईक मोठे झाले की इचारत नाहीत.”

सकाळचा विधी ठरलेला. आधी तेलाच्या कुप्या भरायच्या, काचेतून थेंब पडतोय ना ते पाहायचं. मग हवा सोडायचा खटका उचलून ठेवायचा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाब धरत नाही आणि फ्लायव्हील हातानं फिरतं. दोघं जण चाकाच्या आऱ्यांना धरून जोर लावायचे, तिसरा मोजायचा. चाक आपल्या वेगानं फिरायला लागलं की बाबा ओरडायचे “सोड!” आणि खटका पाडायचे. त्या क्षणी हात आऱ्यात राहिला तर हात गेला. एक मोठा धक्का, एक काळा ढेकर, क्षणभर शांतता. ती शांतता लांबली तर सगळे बाबांच्या तोंडाकडे पाहायचे. मग दुसरा ठोका, तिसरा, आणि धुराड्यातून गोल कडी निघून चिंचेच्या झाडावर जायची. हिवाळ्यात इंजिन थंड ठेवणाऱ्या टाक्यातलं पाणी चांगलं कढत व्हायचं. संध्याकाळी मोहल्ल्यातल्या बाया बादल्या घेऊन यायच्या. आमच्या गल्लीतली पोरं त्या पाण्यानं न्हायलेली आहेत, डिझेलच्या वासासकट.

इंजिनापासून पात्यापर्यंत ताकद जायची पट्ट्यानं. चामड्याचा नाहीतर कॅनव्हासचा रुंद पट्टा, त्याच्या जोडाला लोखंडी चिमटे. जोड पुलीवरून गेला की ‘टप्’ वाजायचं, दिवसभर, त्याच ठेक्यात. पट्टा घसरायला लागला की त्यावर राळ टाकायची. शाफ्टवर दोन पुल्या शेजारी शेजारी, एक पक्की, एक मोकळी. काम थांबवायचं तर इंजिन बंद करायचं नाही, लाकडी दांड्यानं पट्टा मोकळ्या पुलीवर ढकलायचा. इंजिन आपलं चालू, पातं गप्प. माझं पहिलं जबाबदारीचं काम हे दांड्याचं होतं. तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो.

पातं म्हणजे चार बोटं रुंद, वीस-बावीस फुटांची, एका काठाला दात असलेली पोलादी फीत. दोन टोकं जोडून तिची माळ करायची आणि खालीवर बसवलेल्या दोन मोठ्या चाकांवर ताणायची. सोपी वाटते, पण ही कल्पना कागदावर आल्यावरही बरीच वर्षं निकामी होती. लंडनच्या विल्यम न्यूबेरीनं १८०८ मध्ये तिचं पेटंट काढलं. पोलादाची फीत चाकावर वाकून वाकून जोडावरच तुटायची. १८४६ मध्ये ॲन पॉलिन क्रेपँ नावाच्या फ्रेंच बाईनं टिकाऊ जोडाची रीत काढली आणि तिथून पट्टीचा आरा खऱ्या अर्थानं चालायला लागला. त्या बाईंचं नाव आमच्या चाचांनी कधी ऐकलेलं नव्हतं, पण आयुष्यभर ते तिचंच काम करत होते. तुटलेल्या पात्याची दोन्ही टोकं कानसीनं तिरपी घासायची, एकावर एक बसवायची, मधे चांदीच्या डागाची पातळ पट्टी आणि टाकणखार, आणि लाल तापवलेल्या जाड सांडशीत दाबून धरायचं. किती वेळ? मी विचारलं तर म्हणायचे, “बिस्मिल्लापासून दरूद संपेपर्यंत.” त्यांच्या हाताखाली शिकलेला सुताराचा मुलगा तेवढ्याच वेळासाठी मारुतीस्तोत्राचं पहिलं निम्मं म्हणायचा. जोड दोघांचेही टिकायचे.

दर दोन-तीन तासांनी पातं उतरवून दुसरं चढवायचं आणि उतरवलेल्याला धार. एमरीच्या चाकावर एकेक दात. मग दाताला चाल द्यायची: एक दात किंचित डावीकडे, पुढचा किंचित उजवीकडे, म्हणजे चीर पात्यापेक्षा थोडी रुंद पडते आणि पातं अडकत नाही. चाल जास्त झाली तर भुसा जास्त, मालकाचं नुकसान. कमी झाली तर पातं तापून निळं पडतं. चाचांनी मापाची पट्टी कधी वापरली नाही. अंगठ्याचं नख दातांवरून फिरवायचे, डोळे मिटून.

पात्याचा आवाज ऐकायला मला त्यांनीच शिकवलं. साग चिरताना पातं एका सुरात जातं, तेलकट, दबलेलं. बाभळीत सूर चढतो. गाठ आली की खोल जातो आणि ट्रॉली ढकलणाऱ्यानं तिथं हात हलका करायचा असतो. एकदा मी दांड्यापाशी उभा राहून भलतीकडेच पाहत होतो. पाठीत धपाटा बसला. “काहून बे पोट्ट्या, कान भरले काय तुये? पातं रडून राह्यलं ना!” मला काही ऐकू आलं नव्हतं. पट्टा मोकळ्या पुलीवर टाकला, पातं थांबलं, पाहिलं तर एका दाताच्या खोबणीपासून केसाएवढा तडा गेलेला. आणखी चार मिनिटं चाललं असतं तर तुटलं असतं, आणि तुटलेलं पातं कोणीकडे उडेल ते सांगता येत नाही. पुढेच उडतं बहुधा. म्हणून नियम एकच होता आणि तो या पुस्तकातल्या प्रत्येकानं वेगवेगळ्या शब्दांत सांगितला आहे: पात्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. एक पाऊल डावीकडे.

लाकडात लोखंड निघणं ही सगळ्यांची भीती. जंगलातल्या झाडात ते सहसा नसतं. गावातल्या झाडात काय नसतं? तारा, घोड्याचे नाल, करणी उतरवायला ठोकलेले खिळे. शिर्ल्याकडच्या एका शेतकऱ्यानं विहिरीच्या कामासाठी पाडलेला निंब आणला होता, दोन माणसांच्या कवेत न मावणारा. पहिल्या दोन फळ्या लोण्यासारख्या निघाल्या. तिसरीला ठिणग्यांचा फवारा उडाला, किंचाळी फुटली आणि पातं तुटून समोरच्या भुशाच्या ढिगात साप शिरावा तसं शिरलं. कोणालाच लागलं नाही. सगळे एक पाऊल डावीकडे होते. ओंडका कुऱ्हाडीनं फोडला तर आत, सालीपासून वीतभर खोल, जनावर बांधायची जाड लोखंडी कडी. भोवतीचं लाकूड काळंनिळं झालेलं. झाडानं ती कधीतरी गिळून टाकली होती आणि वरून साल चढवली होती.

शेतकरी कडी हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिला. म्हणाला, इथं आमच्या आज्याची घोडी बांधत असत, कडी कुठं गेली म्हणून आजा सालगड्यावर आळ घेऊन बसला होता. मालक म्हणाला, ते समदं खरं, पात्याचे पैसे कोण देईल? यावर तासभर भांडण. शेवटी शेतकऱ्यानं चिराई दुप्पट दिली आणि कडी घरी नेली. तो सालगडी कोण होता आणि त्याचं पुढे काय झालं, हे त्या गडबडीत कोणी विचारलं नाही. मला ते आजही राहून राहून आठवतं.

हिशेबनिसाच्या आठवणी वाचताना शहरातल्या वाचकाला एक गोष्ट अडेल, म्हणून इथंच सांगून टाकतो. ओंडका मोजायची रीत अशी: मधोमध दोरीनं गोलाई मोजायची, तिचा चौथा भाग काढायचा, त्याचा वर्ग करून लांबीनं गुणायचं. सहा फूट गोलाईचा, दहा फूट लांबीचा ओंडका घ्या. सहाचा चौथा भाग दीड, दीडाचा वर्ग सव्वादोन, गुणिले दहा, साडेबावीस घनफूट. भूमिती विचाराल तर त्यात साडेअठ्ठावीस घनफुटांच्या वर लाकूड आहे. मधले सहा कुठं गेले? गोलाचा चौकोन करताना साल, कडेच्या फाळक्या आणि भुसा जाणारच, म्हणून रीतीनं आधीच वजा केले. एडवर्ड हॉपस नावाच्या इंग्रज मोजणीदाराचं हे अठराव्या शतकातलं गणित. मीटर आले, घनमीटर आले, सरकारी कागद बदलले. सागाच्या बाजारात हॉपस अजून जिवंत आहे. शेतकऱ्याला हे कळत नव्हतं असं नाही. तो कडेच्या फाळक्या आणि भुसा पोत्यात भरून घरी न्यायचा, आणि हॉपसला तिथं हरवायचा.

भुसाही वाया जात नसे. टिनाच्या डब्यात मधे बाटली उभी धरून भुसा ठोकून भरायचा, बाटली काढली की भुशाची शेगडी तयार. दोन-अडीच तास एकसारखी धगधगते. बर्फवाला लाद्या भुशात गुंडाळून न्यायचा. सुताराच्या नेट्यावर, हॉटेलच्या भट्टीत, गोठ्यात ओल शोषायला, सगळीकडे आमचा भुसा.

इथपर्यंत वाचून कोणाला हे सगळं गोड वाटलं असेल तर पुढची दोन प्रकरणं त्यानं सावकाश वाचावीत. आरामशीनवाल्यांत एक जुना विनोद आहे: मिस्त्री किती वर्षांचा अनुभवी ते विचारू नये, बोटं मोजावीत. या पुस्तकात बोलणाऱ्या एकाची उजव्या हाताची दोन बोटं पात्यानं नेली. मशीन कुठलं, मालक कोण, हे त्यानं सांगितलं नाही आणि आम्हीही छापलं नाही. विजेवर किंवा इंजिनावर चालणाऱ्या जागी दहा कामगार असले की तेव्हा १९४८ चा कारखाना कायदा लागू व्हायचा. त्याच्या मशीनवर माणसं तेरा होती, हजेरीपटावर नऊ. तो उरलेल्या चारांत होता. त्याला दवाखान्याचा खर्च आणि दिवाळीला एक धोतरजोडी मिळाली. हे सांगताना त्याचा आवाज चढला नाही, हेच मला झेपलं नाही. बाबांची बोटं दहा आहेत. कान मात्र साठीच्या आतच गेले. घरात आम्ही सगळे ओरडून बोलतो, पाहुण्यांना वाटतं भांडण चाललंय.

लाकडाच्या खरेखोटेपणाबद्दलही लपवाछपवी नको. प्रत्येक ओंडक्यावर वनखात्याच्या हातोड्याची छाप हवी, वाहतुकीचा परवाना हवा, नाक्यावर नोंद हवी. १९६४ च्या कायद्यानंतर शेतातली ठरावीक झाडं पाडायलाही परवानगी. तरी रात्री आलेल्या बंड्या मी पाहिल्या आहेत. कोणी पोराच्या लग्नाला चौकट हवी म्हणून एक साग आणायचा, कोणी धंदा म्हणून दहा. पहिल्याला नाक्यावर पकडायचे. दुसऱ्याला पकडलेला मी पाहिला नाही. जंगल कोणी खाल्लं, याचा हिशेब पुस्तकात बंडीवाला, हिशेबनीस आणि ट्रकवाला तीन तऱ्हेनं मांडतात, आणि तिघं एकमेकांकडे बोट दाखवतात. आम्ही ते तसंच ठेवलं. माझं मत विचाराल तर आरामशीननं जंगल संपवलं नाही, पण तिची भूक होती म्हणून संपवणाऱ्याला गिऱ्हाईक मिळालं. बाबांना हे मत पसंत नाही.

१२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाचा गोदावर्मन प्रकरणातला आदेश आला. केंद्राच्या पूर्वपरवानगीशिवाय जंगलात चालणारं बिगरवन काम थांबवा, त्यात आरागिरण्यांचं नाव घेऊन उल्लेख. २००२ मध्ये नव्या गिरण्यांवर आणखी घट्ट लगाम. याचिका करणारे टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाड केरळातल्या निलांबूरच्या जुन्या घराण्यातले. तेच निलांबूर, जिथं १८४० च्या दशकात कॉनली नावाच्या इंग्रज कलेक्टरनं लावलेली सागाची बाग अजून उभी आहे. सागाच्या गावातल्या माणसानं उभ्या देशातल्या आऱ्यांना चाप लावला. आदेश हवाच होता, असं मला वाटतं. त्याची बातमी मात्र आमच्याकडे अशी आली की सकाळी मशीनला कुलूप आणि बाबा कुलपासमोर डबा घेऊन बसलेले. परवान्याची कागदं जमून मशीन पुन्हा चालू व्हायला बरेच महिने गेले.

पण खरं सांगायचं तर न्यायालय नसतं तरी दिवस भरलेच होते. ट्रॅक्टर आला, बंडीची चाकं कोणाला हवीत? वखर-डवरे लोखंडाचे झाले. चौकटी सिमेंटच्या, दारं प्लायवूडची आणि फायबरची. साग हवा तर आफ्रिकेतून कांडल्याला उतरतो. भारनियमनाच्या काळात इंजिनाला एक शेवटची पालवी फुटली. गावात बारा-बारा तास वीज नसे, विजेवरच्या गिरण्या मुक्या, आणि आमचा म्हातारा ठोके देत चालू. मग तोही थांबला. भंगारवाला आला तेव्हा फ्लायव्हील दारातून निघेना. ते मुळात आत कसं आणलं होतं ते बाबांना माहीत होतं: छप्पर नंतर चढवलं होतं. भंगारवाल्यानं घण मागवला. ओतीव लोखंड वाकत नाही, फुटतं. बाबा त्या दिवशी आकोटला बहिणीकडे गेले होते. काम काही नव्हतं.

बोलीबद्दल एक शब्द. सांगणाऱ्यांची वऱ्हाडी आम्ही प्रमाण मराठीत बसवली नाही. ‘मले’, ‘तुले’, ‘करून राह्यलो’ वाचताना पुणेकरांना पहिली दहा पानं खडे लागतील, मग सवय होईल. चाचांचं प्रकरण त्यांच्या नातवानं लिहून घेतलं आहे. त्यात मराठी कुठं संपते आणि उर्दू कुठं सुरू होते हे शोधत बसू नये, त्यांनाही ते माहीत नव्हतं.

जिथं मशीन होतं तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. फरशी नवी आहे, पण इंजिनाच्या पायाचे चार बोल्ट सिमेंटातून निघाले नाहीत, म्हणून दुकानदारानं त्यांच्यावर काउंटर ठेवला आहे. पुस्तकासाठी जागा पाहायला म्हणून चाचांना मी तिथं घेऊन गेलो. ऐंशी ओलांडलेली, काठी टेकत चालणारी मूर्ती. काउंटरपासून त्यांनी पावलं मोजली, अकरा, आणि काचेच्या कपाटासमोर थांबले. “इथं पातं,” म्हणाले. दुकानदाराच्या पोरानं अदबीनं स्टूल आणून त्याच जागी ठेवलं. चाचांनी स्टूल काठीनं एक पाऊल डावीकडे सरकवलं, आणि मग बसले.